दोष बोटांचा नाही, नखीचा!

मशीनवर मलमलचं झबलं शिवायचं असेल, तर आपण ११ नंबरची सुई लावतो. जीन्सची पँट आखूड करायची असेल, तर १६ नंबरची. उलटं झालं तर मलमलला भोकं पडतात, नाहीतर जीन्सवर सुई मोडते. पण म्हणून कुणी ‘मला शिवणच येत नाही’ म्हणत मशीन विकून टाकत नाही. सुई बदलायची आणि कामाला लागायचं, इतकं ते साधं असतं.

गिटारच्या बाबतीत मात्र आपण असं करत नाही. तिथे आवाज फाटका आला, हात दुखला की आपण लगेच स्वतःलाच दोष देऊन मोकळ्या होतो.

गेली काही वर्षं मी घरीच गिटार शिकवते. सुरुवातीला फक्त शाळकरी मुलं यायची. मग त्यांना सोडायला येणाऱ्या आया दारात रेंगाळू लागल्या. “आम्हाला जमेल का हो ताई या वयात?” असा प्रश्न यायला लागला. आता दुपारच्या वेळी माझ्याकडे बायकांचाच वर्ग भरतो. कुणी शिक्षिका, कुणी शिवणकाम करणारी, कुणी नुकतीच सून आलेली सासू! पण एक गोष्ट मी सारखी पाहते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काहीजणी गळतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं. “माझ्या हातात कलाच नाही हो.”

अशा वेळी मी आधी त्यांचा हात बघत नाही. हातातला पिक बघते.

पिक म्हणजे काय?

पिक म्हटलं की आपल्याला शेतातलं पीक आठवतं. पण गिटारचा पिक म्हणजे तारा छेडायचा छोटासा तिकोनी तुकडा. आपल्याकडे सतारीला नखी असते ना, तशी ही गिटारची नखी. फरक इतकाच, की सतारीची तारेची नखी, म्हणजे मिजराब, तर्जनीत घालतात आणि गिटारचा पिक चिमटीत धरतात.

आपले वादक या बाबतीत किती काटेकोर असतात बघा. सतारीची नखी बोटाच्या मापाचीच हवी. सैल झाली तर फिरते, घट्ट झाली तर बोट काळंनिळं होतं. सरोदवाल्यांचा जवा तर नारळाच्या करवंटीचा, आणि तो आपल्या हाताला बसेल असा घासून घेतात. दुसऱ्याच्या नखीनं वाजवायचं कुणाच्या मनातही येत नाही. आणि गिटारला मात्र दुकानदारानं वर फुकट टाकलेला, नाहीतर मुलाच्या दप्तरात सापडलेला, कुठलाही पिक चालतो असं आपण धरून चालतो!

माझ्याकडच्या एका काकूंची गोष्ट सांगते. अंगणवाडीत नोकरी, वय पंचेचाळीसच्या पुढे. भिशीचा नंबर लागला तेव्हा दागिना न करता त्यांनी गिटार घेतली. घरात टोमणे सुरू झाले. “आता काय सिनेमात जाणार का?” काकूंनी ते हसण्यावारी नेलं. पण अडीच महिन्यांनी त्या गिटार घेऊन आल्या, त्या भाच्याला देऊन टाकायचं ठरवूनच. म्हणाल्या, “ताई, मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो. गाणं काही लागत नाही, नुसता खडखडाट होतो. आणि रात्री सगळं आवरल्यावर वाजवायला बसावं, तर हे म्हणतात, झोपू दे की.”

मी म्हटलं, “काकू, पिक दाखवा बघू.” त्यांच्या मुलाच्या इलेक्ट्रिक गिटारचा होता. चांगला दीड मिलिमीटर जाड, वाकवू म्हटलं तर वाकेना. त्यानं तारांवरून हात फिरवायचा म्हणजे तो प्रत्येक तारेत अडकणार. अडकला की काकू तो आणखी घट्ट धरणार. घट्ट धरला की आवाज आणखी कर्कश, आणि हात आणखी आखडणार. मी त्यांना अर्ध्या मिलिमीटरचा पातळ पिक दिला. तेच गाणं, तीच गिटार, त्याच काकू. हात तारांवरून सरकन फिरला. आवाज निम्म्यानं मऊ झाला. काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मी ठीकच होते की!”

गिटार त्यांच्याकडेच आहे. आणि पातळ पिकचा आवाज मुळातच हळू, त्यामुळे रात्रीचा सरावही सुरू आहे.

जाड की पातळ?

पिकवर बहुतेक वेळा बारीक आकडा छापलेला असतो. ती त्याची जाडी, मिलिमीटरमध्ये. ढोबळ हिशोब असा ठेवा. ०.६ पर्यंत पातळ, ०.६ ते ०.८ मध्यम, ०.८ च्या पुढे जाड, आणि १.५ च्या आसपास म्हणजे अगदी दणकट.

गाण्याला साथ करायची असेल, म्हणजे सगळ्या तारांवरून हात वरखाली फिरवत ताल धरायचा असेल, तर पातळ किंवा मध्यम पिक बरा. तो तारेपाशी वाकतो आणि पुढे सरकतो, अडत नाही. हळदीकुंकवाला चार गाणी म्हणायची, भजनी मंडळात साथ करायची, नातवंडांना गाणं शिकवायचं, एवढाच बेत असेल तर इथूनच सुरुवात करा. मात्र फार पातळ पिकचा एक दोष आहे. तारेपेक्षा त्याचीच ‘फट्‌ फट्‌’ जास्त ऐकू येते.

गाण्याची चाल एकेका सुरानं वाजवायची असेल, तर पातळ पिक दगा देतो. तो वाकून परत येईपर्यंत पुढचा सूर निघून जातो. तिथे ०.८ ते १ मिलिमीटरचा हवा. तो वाकत नाही, म्हणून सूर भरीव आणि नेमका निघतो. चपात्यांचं लाटणं आणि पापडाचं लाटणं वेगळं असतं, तसंच हे.

तुमची गिटार कोणती?

आधी तारा बघा. वरच्या तीन जाड तारांना धातूचं वेटोळं आणि खालच्या तीन चक्क नायलॉनच्या, मासे पकडायच्या दोरीसारख्या दिसत असतील, तर ती क्लासिकल गिटार. ती बोटांनी वाजवायची असते. तिला पिक लावला की तिचा गोडवाही जातो आणि लाकडावर ओरखडेही उठतात, कारण तिच्या भोकाजवळ सहसा संरक्षक पट्टी नसते.

सगळ्या तारा धातूच्या असतील तर ती अकूस्टिक. आपल्याकडच्या बहुतेक नवशिक्यांची हीच असते. तिला ०.५ ते ०.७३ पासून सुरुवात करावी. तारा जाड असतील तर पिकही थोडा जाड लागतो.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज यंत्रातून मोठा होतो, हातानं जोर लावायचा नसतो. तिथे वेगानं सूर वाजवणारे बरेच वादक छोटा पण जाड पिक पसंत करतात. मुलानं असा पिक मागितला तर तो हट्ट समजू नका, त्याला कारण आहे. आणि माळ्यावर सासऱ्यांची मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार असेल, तर तिचं सगळंच वेगळं. तिला अंगठ्यात आणि बोटांत अडकवायच्या नख्या लागतात, आणि त्या बोटाच्या मापानंच घ्याव्या लागतात.

आकार आणि माल

टोक जितकं अणकुचीदार तितका सूर खणखणीत, गोलसर असेल तर मऊ. हात लहान असेल किंवा पिक सारखा निसटत असेल, तर मोठा तिकोनी पिक घ्या, धरायला सोपा जातो.

आता माल कसला, ते बघू. पूर्वी चांगले पिक समुद्री कासवाच्या कवचाचे असायचे. हॉक्सबिल नावाच्या कासवाची यासाठी आणि कंगवे, चष्म्याच्या काड्या यांसाठी बेसुमार हत्या झाली. (आपल्या कोकणात वेळासला अंडी घालायला येतात ती ऑलिव्ह रिडले, जात वेगळी.) १९७०च्या दशकात या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. सेल्युलॉइडचे पिक त्याआधीच, १९२०च्या दशकात अमेरिकेत निघाले होते. तेही बरेचदा कवचासारख्या तपकिरी नक्षीचे, आणि ते आजही मिळतात. फक्त सेल्युलॉइड पटकन पेट घेतं, म्हणून देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा गॅसच्या ओट्यावर ठेवू नका.

नायलॉनचा पिक लवचीक असतो आणि त्यावर बहुधा खरबरीत ठिपके असतात. ज्यांच्या हाताला घाम येतो, त्यांनी हाच घ्यावा. कोकणातल्या मैत्रिणींसाठी तर खासच! १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डनलॉप कंपनीनं टॉर्टेक्स नावाचे रंगीत पिक काढले. त्यांचा पृष्ठभाग पावडर लावल्यासारखा असतो, आणि जाडी रंगावरून ओळखता येते. लाल ०.५०, पिवळा ०.७३, निळा १ मिलिमीटर. धातूचा पिक मात्र सुरुवातीला नकोच. आवाज कर्कश येतो आणि तारा लवकर झिजतात.

घरच्या घरी परीक्षा

एक पातळ, एक मध्यम, एक जाड असे तीन पिक घ्या. गिटारच्या खर्चापुढे हा खर्च म्हणजे काहीच नाही. मग एकच सोपं गाणं प्रत्येकानं पाच-पाच मिनिटं वाजवा आणि स्वतःला विचारा. पिक बोटांत फिरतोय का? अंगठ्याचं नख दाबून पांढरं पडतंय का? तारेपेक्षा पिकचाच आवाज येतोय का? ज्याच्या बाबतीत तिन्ही उत्तरं ‘नाही’ येतील, तो तुमचा.

धरायची पद्धतही सांगते. तर्जनी किंचित वाकवा, तिच्या कडेवर पिक ठेवा आणि वरून अंगठा टेका. टोक थोडंसंच बाहेर राहू द्या. पुरणपोळी लाटताना लाटणं जितक्या हलक्या हातानं धरतो, तितकाच जोर.

गावात एकाच जातीचा पिक मिळत असेल तर? मुदत संपलेलं बँकेचं कार्ड काढा. त्याची जाडी जगभर सारखीच, ०.७६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर मध्यम पिकची! चिप आणि काळी पट्टी सोडून उरलेल्या भागावर जुना पिक ठेवून पेन्सिलनं आखा, कात्रीनं कापा आणि नखं घासायच्या कानशीनं कडा गुळगुळीत करा. उरलेल्या कार्डाचे, विशेषतः चिपचे आणि पट्टीचे, बारीक तुकडे करून टाका. निसटत असेल तर मधल्या भागावर सुईनं आडव्या-उभ्या रेघा ओढा.

पिक झिजतोही. टोक एका बाजूनं खाल्लेलं दिसलं किंवा कडेला कुसं आली, की तो तारेत अडकायला लागतो. बदलून टाका. जादा पिक बटणांच्या डबीत ठेवा, पण घरात रांगतं मूल असेल तर झाकण घट्ट लावा. आकार गिळण्याजोगाच असतो.

एक खरं सांगते, पिकनं सगळंच सुटत नाही. डाव्या हाताची बोटं तारा दाबून पहिले काही आठवडे दुखतातच. हळूहळू त्यांना घट्टे पडतात आणि दुखणं जातं. त्याला पिक जबाबदार नाही. आणि पिक बदलूनही मनगट दुखत राहिलं, बोटांना मुंग्या येत राहिल्या, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

पण मैत्रिणींनो, बाकी तक्रारींसाठी आधी हातातली वस्तू तपासा. आपल्या वाट्याला घरातल्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्याच्या मापाच्या येतात. उंच ओटा, जड बादली, मुलाचा जुना पिक. त्या आपल्याला बसल्या नाहीत की आपणच कमी पडलो असं वाटायला लागतं. ओटा बदलायला गवंडी लागतो, खर्च लागतो. पिक बदलायला दहा-वीस रुपये आणि पंधरा मिनिटं पुरतात. गिटार माळ्यावर टाकायच्या आधी तेवढी पंधरा मिनिटं स्वतःला द्याल ना?