खेळातील निवड आणि वहीतील नोंद

‘व्हिडिओ गेम’ हा शब्द ऐकताच आपल्या प्राध्यापकवर्गाच्या कपाळावर आठी उमटते, आणि वसतिगृहात रात्री अकरानंतर चालणारा गोळीबार ऐकला म्हणजे ती आठी अगदीच अनाठायी आहे असे मलाही म्हणवत नाही. परंतु सर्वच खेळ गोळीबाराचे नसतात. गोष्ट सांगणारा, मध्येच थांबून ‘आता तू काय करशील?’ असे विचारणारा आणि आपल्या उत्तराप्रमाणे शेवट बदलणारा असाही एक प्रकार आहे. त्याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. साहित्य किंवा तत्त्वज्ञान यांत माझा अधिकार नाही. तरीही हा विषय घेतला, त्याला गेल्या उन्हाळ्यात सुरतेला घडलेला एक प्रसंग कारण झाला. तो ओघात येईलच.

खेळातून नीती शिकवावी ही कल्पना आपल्याला नवी नाही. आज आपण जिला सापशिडी म्हणतो आणि आपले कन्नड मित्र ‘हावू-एणी’ म्हणतात, तिचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. महाराष्ट्रात परंपरेने त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. गुजरातेत जैन समाजात याच जातीचा खेळ ‘ज्ञानबाजी’ या नावाने ओळखला जातो. पटावरील घरांना गुणदुर्गुणांची नावे; सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरातून साप खाली नेतो आणि सर्वांत वर मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात पोहोचला आणि तेथून मुलांची करमणूक होऊन जगभर पसरला. मात्र मोक्षपटात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपली सोंगटी लोभाच्या घरात जाते ती दान तसे पडले म्हणून. आपण लोभ केला म्हणून नव्हे. नीती पटावर लिहिलेली आहे, पण निवड खेळणाऱ्याच्या हाती नाही.

आता आजच्या खेळाकडे येऊ. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुरांचा हल्ला होतो, राजीचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो, आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ही बहीण त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिची कथा सांगत असतात. आपल्या शेजारच्या शहरात असा देखणा खेळ घडला याचा मला अभिमान वाटतो. परंतु येथेही कथा एका सरळ वाटेने जाते. आपण चांगले लढलो किंवा वाईट लढलो, तरी राजीचा शेवट एकच. ती कीर्तनकाराची गोष्ट आहे. श्रोत्याने मध्येच ‘महाराज, असे नको, तसे करा’ म्हणायचे नसते.

खेळणाऱ्याच्या वागणुकीचा खरा हिशेब ठेवणाऱ्या आरंभीच्या खेळांत रिचर्ड गॅरियट या अमेरिकन रचनाकाराच्या १९८५ सालच्या ‘अल्टिमा ४’चे नाव घ्यावे लागेल. त्यात शेवटी मारायला कोणी दुष्ट राजा नाही. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, विनय असे आठ गुण अंगी आणणे हेच ध्येय. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा एक प्रसंग त्यात आहे. जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. माल घेतल्यावर किती पैसे द्यायचे ते खेळणाऱ्याने स्वतः भरायचे. कमी दिले तरी तिला दिसत नाही, ती मालही देते, कोणी पहारेकरी धावून येत नाही. पण खेळाच्या पोटात प्रामाणिकपणाचा आकडा मुकाट्याने खाली येतो. त्याचा परिणाम पुष्कळ पुढे, गुणांची परीक्षा होते तेव्हा कळतो.

येथे सुरतेचा प्रसंग सांगतो. माझा जन्म आणि शालेय शिक्षण सुरतेचे. शाळा महानगरपालिकेची, मराठी माध्यमाची. आई निपाणीकडची, म्हणून पुढील शिक्षणासाठी इकडे आलो. घर अजून तिकडेच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिंग रोडवरील कापड बाजारात एका पेढीवर मी संगणकावर हिशेब लिहायचे काम धरले होते. एके दिवशी व्यापाऱ्याकडून परत आलेले १२ ताके मी २१ असे नोंदवले. महिनाअखेरीस माल मोजला तर ९ ताके कमी भरले. ठपका आला तो टेम्पोतून माल उतरवणाऱ्या मुलावर. तो माझ्याच वयाचा, धुळ्याकडून आलेला. नुकसानीचा पहिला हप्ता म्हणून त्याच्या पगारातून १,८०० रुपये कापण्यात आले.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते पाहावे, हे आम्हाला वर्गात शिकवलेले आहे. ते मला शनिवारी संध्याकाळी आठवले. नोंद उघडली, चूक सापडली, २१ चे १२ केले. हिशेब जुळला. मी संगणक बंद करून घरी गेलो आणि कोणाला काही बोललो नाही.

रविवारी बाजार बंद. रात्री धाकट्या भावाने मला ‘अंडरटेल’ नावाचा खेळ खेळायला बसवले. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने केलेला हा खेळ २०१५ साली आला. जमिनीखाली राहणाऱ्या राक्षसांच्या जगात एक मानवी मूल पडते. राक्षस समोर आला की त्याच्याशी लढता येते किंवा त्याला अभय देता येते. कोणालाही न मारता हा खेळ पूर्ण होऊ शकतो, हे त्याचे वैशिष्ट्य. इतर खेळांत शत्रू मारून ‘अनुभव’ वाढतो. येथे त्याच ठिकाणी दिसणारी अक्षरे पुढे उलगडतात, तेव्हा कळते की तो आकडा अनुभवाचा नव्हे, केलेल्या वधांचा होता. आणि ‘लव्ह’ म्हणून जे वाढत होते ते प्रेम नसून हिंसेची पातळी होती.

आरंभीच टोरिएल नावाची एक मायाळू राक्षसीण त्या मुलाला आसरा देते. मूल बाहेर जायला निघाले की ते मारले जाईल या भीतीने ती वाट अडवते. मला वाटले, हिला थोडे दमवावे म्हणजे बाजूला होईल. शेवटचा वार अपेक्षेपेक्षा जबर बसला आणि ती मेली. मला वाईट वाटले. भाऊ म्हणाला, ‘त्यात काय दादा, जिथे साठवून ठेवलं होतं तिथून परत सुरू कर.’ मी तसे केले. या खेपेला वार न करता पुन्हा पुन्हा अभय देत राहिलो, आणि तिने वाट सोडली. पुढे फ्लाउई नावाचे एक बोलके फूल भेटते. ते हसून सांगते, की तू तिला आधी मारलेस आणि पश्चात्ताप झाला म्हणून मागे गेलास, हे मला ठाऊक आहे.

मी खेळ तेथेच थांबवला.

पुढे पूर्ण खेळलो तेव्हा त्याची रचना ध्यानात आली. अंडरटेलचे शेवट ढोबळ मानाने तीन प्रकारचे आहेत: कोणालाही न मारता मिळणारा, काहींना मारून मिळणारा, आणि एकूण एक राक्षसाचा संहार करून मिळणारा. या तिसऱ्या शेवटी ते जगच नष्ट होते. खेळ पुन्हा सुरू करायचा तर आपला आत्मा द्यावा लागतो. त्यानंतर कितीही सज्जनपणे खेळले, तरी सुखान्तावर त्या संहाराची सावली पडतेच. बहुतेक खेळांत मागे जाणे म्हणजे घडलेले पुसणे. येथे खेळाने पुसल्याचीही नोंद ठेवली आहे.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. कीर्दीतील चुकीची नोंद खोडायची नसते. मूळ नोंद तशीच ठेवून तिच्याखाली दुरुस्तीची नोंद करायची असते. १ एप्रिल २०२३ पासून तर आपल्या देशात कंपन्यांनी वापरायच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरफार केव्हा झाला याचा माग राहणे आणि तो बंद करता न येणे कायद्याने बंधनकारक आहे. आमची पेढी कंपनी नव्हती. माझा फेरफार कोणाला कधी दिसला नसता.

सोमवारी सकाळी मी शेठजींना सारे सांगितले. ते रागावले; त्यांनी नोंद आणि माल दोन्ही तपासले, आणि त्या मुलाला बोलावून माझ्यासमोर १,८०० रुपये परत केले. त्याने पैसे मोजून खिशात ठेवले आणि मला एवढेच विचारले, ‘शनिवारीच कळलं होतं ना तुला?’ मी हो म्हणालो. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत तो माझ्याशी कामापुरतेच बोलला.

पोलंडमध्ये तयार झालेल्या ‘विचर ३’ (२०१५) या प्रसिद्ध खेळात नायकाच्या मानसकन्येचे, सिरीचे, पुढे काय होणार हे मोठ्या लढायांवर ठरत नाही. ती खचलेली असताना तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकत खेळलात का, तिला हवे तेव्हा एकटीला पुढे जाऊ दिलेत का, अशा पाच साध्या प्रसंगांवर ते ठरते. त्या वेळी पडद्यावर ‘ही महत्त्वाची निवड आहे’ असे उमटत नाही. शनिवारी संध्याकाळी माझ्याही समोर तसे काही उमटले नव्हते. संगणक बंद करण्याचे एक बटण होते, ते मी दाबले.

असे खेळ खेळून मनुष्य सज्जन होतो असे माझे म्हणणे नाही. खेळातील गुणांचा हिशेब शेवटी कोणा रचनाकाराने मांडलेला असतो, आणि पोटापाण्याची धास्ती त्यात नसते. पण दान पडले तसे झाले, असे मोक्षपटात म्हणता येते. या खेळांत म्हणता येत नाही. माझ्या हातून दुरुस्तीची नोंद झाली. मूळ नोंदही तिच्यावर तशीच आहे, आणि येत्या उन्हाळ्यात त्याच पेढीवर गेलो तर तो मुलगा ती वाचल्याशिवाय राहणार नाही, हे मी धरून चाललो आहे.