दिग्दर्शकाला पदवी कोण विचारतं?

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीत एक प्रश्न फिरू लागतो: मुलाला सिनेमा करायचाय, फिल्म स्कूलला घालावं का? विचारणाऱ्या आईवडिलांच्या डोक्यात इंजिनिअरिंगचा हिशेब असतो. प्रवेश, पदवी, नोकरी. मुलाच्या डोक्यात नेमकं उलटं असतं: टॅरंटिनो व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात कामाला होता, तो कुठे गेला होता शिकायला? दोन्ही बाजूंची माहिती अर्धवट आहे, आणि माझ्या मते मुलाची जरा जास्तच.

गैरसमज: पदवी नसेल तर सिनेमा करता येत नाही

हा झटपट निकालात काढता येतो. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. भारतात चित्रपट दिग्दर्शित करायला कसलाही परवाना लागत नाही. चित्रपट थिएटरात लावायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉरचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पण ते चित्रपटाला मिळतं, दिग्दर्शकाच्या शिक्षणाला नाही. निर्माताही मार्कशीट मागत नाही. तो म्हणतो, आधी काय केलंय ते दाखव. 'सामना' आणि 'सिंहासन' करणारे जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत होते. त्यांची तालीम झाली ती नाटकात.

गंमत अशी की ज्या संस्थेचं नाव घेऊन हा वाद घातला जातो, त्या पुण्याच्या एफटीआयआयमधून मणी कौल, अडूर गोपालकृष्णन, केतन मेहता, विधु विनोद चोप्रा अशी मंडळी बाहेर पडली, तेव्हा तिथे पदवी मिळतच नव्हती. मिळायची ती पदविका. अभिमत विद्यापीठाचा दर्जा संस्थेला २०२५ मध्ये आला. पदवी लागते ती आत शिरायला. तीन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमांसाठी उमेदवार कुठल्या ना कुठल्या शाखेचा पदवीधर असावा लागतो. म्हणजे बारावीच्या मुलाला या वर्षी तिथे घालावं का, हा प्रश्नच उद्भवत नाही.

पदवी खरोखर कामाला येते अशा जागा आहेत, पण त्या वेगळ्या: शिकवण्याची नोकरी, सरकारी प्रसारमाध्यमांतली तांत्रिक पदं, परदेशातलं पुढचं शिक्षण.

गैरसमज: मोठी माणसं कुठेच शिकली नाहीत

हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात घातक. टॅरंटिनोपासूनच सुरू करू. 'रिझर्व्हॉयर डॉग्ज' करण्याआधी, १९९१ मध्ये, तो सनडान्स संस्थेच्या दिग्दर्शकांसाठीच्या कार्यशाळेत गेला होता आणि त्याच पटकथेतले प्रसंग त्याने तिथे जाणत्या लोकांसमोर करून पाहिले होते. व्हिडिओच्या दुकानाची गोष्ट सांगताना हा भाग कुणी सांगत नाही.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण दिलं जातं. बायबलवरचा चित्रपट पाहिला, विमा पॉलिसी गहाण ठेवली आणि 'राजा हरिश्चंद्र' केला. हे खरंच आहे. पण फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले होते, बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. छायाचित्रण आणि छपाई हा त्यांचा व्यवसाय होता आणि मुद्रणयंत्रांसाठी ते जर्मनीलाही जाऊन आले होते. १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहून आले. परत आल्यावर थेट हरिश्चंद्राला हात घातला नाही. आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटा चित्रपट केला. त्या काळात भारतात फिल्म स्कूल नव्हतं, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं स्टुडिओ हीच शाळा होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम पडेल ते काम करत घडले. दामले, फत्तेलाल, धायबरही तिथलेच. यांनीच १९२९ मध्ये 'प्रभात' काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आणली. पुढे त्याच प्रभातमध्ये गुरुदत्त तीन वर्षांच्या करारावर दाखल झाले. पगारी कंपनी, एका छपराखाली सुतारापासून संकलकापर्यंत सगळे, वर्षाला काही चित्रपट नक्की: अशा ठिकाणी पोरगा बघत बघत तयार होत असे. पन्नासच्या दशकापर्यंत ही पद्धत मोडकळीला आली, प्रभातही बंद पडली. चित्रपट उद्योगाच्या चौकशीसाठी नेमलेल्या पाटील समितीच्या १९५१ च्या अहवालाने प्रशिक्षणासाठी संस्था हवी असं सुचवलं, आणि १९६० मध्ये ती, म्हणजेच आजची एफटीआयआय, सुरू झाली ती लॉ कॉलेज रोडवर, प्रभातच्याच आवारात. स्टुडिओ शिकवायचे थांबले, म्हणून शाळा काढावी लागली. हा इतिहास डोक्यात ठेवला की 'पूर्वीचे लोक कुठे शिकले होते' या वाक्यातली हवा जाते.

आजचं उदाहरण नागराज मंजुळे. करमाळ्याजवळच्या जेऊरचा मुलगा, कुठलंही फिल्म स्कूल नाही, थेट 'फँड्री' आणि 'सैराट', अशी ही गोष्ट सांगतात. मंजुळेंनी पुण्यात मराठीत एम. ए. केलं आणि नंतर अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यास केला. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली 'पिस्तुल्या' ही शॉर्ट फिल्म त्याच अभ्यासक्रमात झाली. जिल्ह्याच्या गावातलं महाविद्यालय हे फिल्म स्कूल वाटत नाही, म्हणून ते हिशेबात धरलं जात नाही, इतकंच.

आणि चैतन्य ताम्हाणे. साहित्याचा पदवीधर, फिल्म स्कूलचं तोंड पाहिलेलं नाही. 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाले. आणि त्यानंतर, म्हणजे पुरस्कार खिशात असताना, हा माणूस अल्फॉन्सो क्वारोनचा शिष्य म्हणून मेक्सिकोला 'रोमा'च्या सेटवर गेला.

गैरसमज: हातात मोबाइल आहे, यूट्यूब आहे, आणखी काय हवं

इथे हमखास 'टँजरिन'चं नाव येतं. २०१५ मध्ये सनडान्स महोत्सव गाजवणारा हा चित्रपट आयफोनवर शूट झाला, हे खरं. पण दिग्दर्शक शॉन बेकर न्यूयॉर्क विद्यापीठात चित्रपट शिकलेला होता, त्याआधी त्याने अनेक चित्रपट केले होते आणि त्या फोनवर खास लेन्स अ‍ॅडॉप्टर लावला होता.

मोबाइलवरची पहिली शॉर्ट फिल्म कशी असते ते जवळून पाहा. चाळीची गॅलरी, दोन मित्र, हातात चहाचे ग्लास. चित्र सुरेख आलेलं असतं. संकलनाला बसलं की कळतं, पहिला मित्र डावीकडे बघून बोलतोय आणि दुसराही डावीकडेच. लाइन क्रॉस झालीय, म्हणजे कॅमेरा दोघांमधल्या काल्पनिक रेषेच्या पलीकडे गेलाय, त्यामुळे दोघं एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही. एका शॉटमध्ये ग्लास भरलेला, पुढच्यात अर्धा, त्याच्या पुढच्यात पुन्हा भरलेला. हे एक वेळ चालवून घेता येतं. पण मागे कुठेतरी कुकरची शिट्टी आहे, पंख्याची घरघर आहे आणि प्रत्येक कटला ती बदलते. रिकाम्या जागेचा अर्धा मिनिट आवाज, ज्याला रूम टोन म्हणतात, तो रेकॉर्ड करून ठेवायला कुणाला सुचलेलं नसतं. प्रेक्षकाला कारण कळत नाही. त्याला फक्त वाटतं की काहीतरी हौशी चाललंय.

लाइन क्रॉस म्हणजे काय हे यूट्यूबवर दहा मिनिटांत समजतं. न समजणारी गोष्ट ही की तुमची क्रॉस झालीय. ते सांगायला समोर माणूस लागतो, आणि तोही तुमचं मन न राखणारा. चार चांगली डोकी तीन वर्षं एकत्र, आणि प्रत्येक एक्सरसाइजनंतर सगळ्यांसमोर होणारी चिरफाड: फिल्म स्कूलची खरी किंमत यात आहे. कॅमेरे आता भाड्यानेही मिळतात.

गैरसमज: दिग्दर्शक, कॅमेरामन, साउंडवाला, सगळ्यांना एकच उत्तर

मुळीच नाही, आणि हे आईवडिलांना कुणीतरी सांगायला हवं. कॅमेरा, संकलन, साउंड, कला दिग्दर्शन यांत हाताखाली बरीच यंत्रं, बरंच तंत्र आणि नियमित रोजगार असतो. तिथे शिस्तीत घेतलेलं शिक्षण सरळ उपयोगी पडतं. दिग्दर्शनात ते तितकं सरळ नाही. म्हणूनच शाळेत न गेलेल्या दिग्दर्शकाच्या मागे बऱ्याचदा शाळेत गेलेला तंत्रज्ञ दिसतो. मृणाल सेन यांनी १९६९ मध्ये 'भुवन शोम' केला तेव्हा कॅमेऱ्यामागे पुण्याच्या संस्थेतून नुकताच बाहेर पडलेला के. के. महाजन होता. मराठीतली जोडी तर अगदी डोळ्यांसमोरची: सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक, कॅमेऱ्याकडे वळल्या त्या वस्तीतल्या बायकांवरचं काम लोकांपर्यंत न्यायला. सुनील सुकथनकर एफटीआयआयचे. 'दोघी', 'देवराई', 'अस्तु', आणि सुवर्णकमळ मिळवणारा 'कासव' या दोघांनी मिळून केले.

गैरसमज: प्रवेश मिळाला की गंगेत घोडं न्हालं

राजकुमार हिराणी नागपूरहून एफटीआयआयला आले, संकलन शिकले, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बाहेर पडले. त्यांचा पहिला चित्रपट 'मुन्नाभाई' आला २००३ मध्ये. मधली वर्षं जाहिराती, प्रोमो आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांचं संकलन. ही कथा अपवादाची नाही.

असिस्टंट म्हणून लागणं हा दुसरा मार्ग, आणि तो चांगलाही आहे. फक्त तिसऱ्या असिस्टंटच्या वाट्याला कपड्यांची कंटिन्युइटी आणि गर्दी आवरणं येतं. त्याला शूटिंग दिसतं, संकलन दिसत नाही. शक्य असेल त्याने शूटिंग संपल्यावर एडिटरच्या खोलीत बसायची परवानगी मागावी.

राहता राहिला खासगी संस्थांचा बाजार. सरकारी संस्थेत जागा मोजक्या, म्हणून बहुतेकांना हाच दरवाजा दिसतो, आणि फी अनेक लाखांत जाते. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या फिल्म दाखवता का, त्याही हेडफोन लावून ऐकू द्याल का? एका विद्यार्थ्याला स्वतःच्या किती फिल्म करायला मिळतात, आणि त्यांचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा? शिकवणारे पूर्ण वेळ आहेत की नामांकित पाहुणे वर्षातून एकदा येऊन फोटो काढून जातात? पहिल्याच प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उरलेले दोन विचारण्यात वेळ घालवू नये.