किल्ला पाहायचा की खेळायचा?

दिवाळीच्या सुट्टीत दगड, विटा, गोणपाट आणि लाल माती यांतून जो किल्ला उभा राहतो, त्याकडे आपण सण म्हणून पाहतो, संस्कार म्हणून पाहतो. खेळ म्हणून क्वचितच पाहतो. पण तो खेळच आहे. लहान आकाराचे सैनिक, त्यांच्यासाठी रचलेला डोंगर आणि मनात चाललेली लढाई असा हा खेळ जगात इतरत्रही आहे. तिकडे मोठी माणसे तो टेबलावर, नियमपुस्तिका हाताशी ठेवून खेळतात. त्याला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. त्या मंडळींत एक जुने भांडण आहे: मौजेसाठी खेळणारा खरा, की जिंकण्यासाठी खेळणारा? या भांडणाचे मूळ शोधले, तर आपल्या अंगणातल्या किल्ल्याचे काय चालले आहे तेही उमगते.

मी या विषयाचा पदवीधर नाही. जुन्यानव्या नियमपुस्तिका मिळवून वाचणे आणि दिवाळीत पवईतल्या सोसायट्यांमधून हिंडून किल्ले पाहणे, एवढीच माझी साधने.

आधी खेळाची ओळख. साधारण सहा फूट बाय चार फुटांचे टेबल; त्यावर टेकड्या, घरे, झाडी. प्रत्येकाकडे बोटाएवढ्या सैनिकांची फौज, बहुतेकदा स्वतः रंगवलेली. चाल इंचांच्या टेपने मोजायची आणि मारा लागला की हुकला हे फाशांनी ठरवायचे. याचे मूळ प्रशियाच्या सैन्यात आहे. 1824 मध्ये फॉन राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या खेळात सुधारणा करून 'क्रीगश्पील'चे नियम छापले. नकाशा 1:8000 प्रमाणाचा, एक डाव म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटे, हानी ठरवायला फासे व कोष्टके, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच. पुढे कोष्टकांचे ओझे वाढले, तेव्हा 1876 मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने सुचवले की कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंचाचे मत पुरे. म्हणजे 'नियम काटेकोर असावेत की सैल' हा वाद हौशी लोकांनी काढलेला नाही. शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या सैन्यातही तो होता.

हा खेळ घरातल्या जमिनीवर आणला एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने. 1913 च्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकात त्याने नियम दिले: पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट. तोफांसाठी फासे नाहीत; स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी खरोखर उडवायची आणि जो सैनिक पडेल तो मेला. हरणाऱ्यालाही हसू यावे, असाच हा प्रकार.

आजचा सर्वांत नावाजलेला खेळ म्हणजे 1983 साली इंग्लंडमध्ये आलेला वॉरहॅमर आणि 1987 चे त्याचे भविष्यकाळातले भावंड, वॉरहॅमर 40,000. यात प्रत्येक तुकडीला गुणांत किंमत असते. दोघांनी, समजा, दोन-दोन हजार गुणांची फौज आणायची. या व्यवस्थेमुळे कधीही न भेटलेली दोन माणसे फारसे न बोलता बरोबरीचा डाव मांडू शकतात. पण किंमत ठरली की स्वस्त आणि मस्त काय ते शोधणे आलेच. मग कथेत कधी एकत्र न येणाऱ्या तुकड्या टेबलावर एकत्र येतात, आणि महिनोन् महिने प्रेमाने रंगवलेली फौज दुसऱ्या डावातच आडवी होते. रंगवणारा म्हणतो, 'याला खेळाचे प्रेम नाही.' जिंकणारा म्हणतो, 'मी कोणता नियम मोडला?' दोघेही बरोबर असतात.

2015 मध्ये या कंपनीने 'एज ऑफ सिग्मार' हा नवा खेळ गुणांशिवाय बाजारात आणला. ज्याला जे आवडेल ते त्याने आणावे. आता हौशी मंडळी खूश होतील असे वाटावे, पण तक्रारींचा पाऊस पडला; कारण गुण गेले तरी 'किती आणायचे' हा प्रश्न उरलाच होता. 2016 मध्ये नवी पुस्तिका आली आणि तिने तीन वाटा नावानिशी वेगळ्या केल्या: मोकळा डाव, कथेचा डाव आणि बरोबरीचा डाव. मला ही या खेळाच्या इतिहासातली फार शहाणपणाची गोष्ट वाटते. भांडण स्वभावाचे नव्हतेच. आपण कोणता डाव मांडतो आहोत हे न बोलता बसल्याचे ते भांडण होते.

आता आपल्या किल्ल्याकडे येऊ. घरच्या किल्ल्यात वाघ महादरवाजापेक्षा मोठा असतो, मावळा बुरुजाएवढा असतो, गवळण आणि प्लास्टिकची मोटार शेजारी नांदतात. महाराज सर्वांत वर, आणि अळीव किंवा मोहरी उगवली की डोंगर हिरवा. या किल्ल्याला कोणी गुण देत नाही.

स्पर्धा आली की परीक्षक येतात आणि गुणपत्रक येते: मूळ किल्ल्याशी साम्य, नैसर्गिक साहित्य, माहिती सांगणे, नीटनेटकेपणा. याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे. स्पर्धेसाठी राजगड केलेल्या मुलाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या पाठ कराव्या लागत नाहीत. त्या त्याच्या हातांनी रचलेल्या असतात. संजीवनीची तटबंदी दुहेरी का, हे तो थापताथापताच विचारतो. 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत राजगड आहे. त्याची अशी ओळख कोणत्याही धड्याने होणार नाही. तेव्हा स्पर्धेला नावे ठेवून भागणार नाही.

पण तोटाही पाहिला आहे. पवईतल्या एका सोसायटीत माती पोडियमवर गोण्यांनी विकत आणावी लागते. तिथे चार मुलांनी किल्ला केला आणि रोज संध्याकाळी त्यावर हल्ला चढवला. एक बाजू तटावर, दुसरी खिंडीत. रबराच्या चेंडूने तोफेचा मारा. रोज एक बुरुज ढासळे, रोज रात्री तो पुन्हा थापला जाई. परीक्षक आले ते बुरुज पडलेला असताना. नीटनेटकेपणाचे गुण गेले. त्या सोसायटीतला सर्वांत जास्त खेळला गेलेला किल्ला शेवटच्या क्रमांकावर आला. पुढच्या वर्षी त्याच मुलांनी सुबक सिंधुदुर्ग केला, भोवती दोरी बांधली आणि धाकट्यांना हात लावू दिला नाही. बक्षीस मिळाले. लढाई मात्र झाली नाही.

यात परीक्षकांची चूक नाही. पत्रकात जे लिहिले होते तेच त्यांनी पाहिले. गुण ज्याला देतो ते वाढते, ज्याला देत नाही ते आटते. वॉरहॅमर 40,000 च्या 2020 च्या नियमांत पूर्ण रंगवलेल्या फौजेला 100 पैकी 10 गुण ठेवले, ते हे ओळखूनच. जिंकायला येणाऱ्यानेही ब्रश हाती धरावा, अशी ती युक्ती. किल्ल्याच्या पत्रकातही 'यावर कोणती लढाई खेळलात, सांगा' असा एक रकाना घालता येईल. नाहीतर आधीच विचारावे: तुमचा किल्ला पाहायचा की खेळायचा? दोन्हींची दाद वेगळी द्यावी.

हे शहाणपण परक्या पुस्तिकेतूनच घ्यावे असे नाही. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पहिला चेंडू पडण्याआधी 'एक टप्पा आऊट' ठरते, कोणाच्या गॅलरीत गेला तर काय तेही ठरते. आणि एखाद्याचा धाकटा भाऊ हट्टाने आला, तर तो 'कच्चा लिंबू' म्हणून घेतला जातो. तो आऊट झाला तरी आऊट नसतो. बाकीचे मात्र जीव तोडून जिंकायलाच खेळतात. चुरस आणि मौज एकाच डावात नांदवण्याची याहून सोपी रीत मला कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडलेली नाही. तिच्यासाठी लागते ते एवढेच, की डाव सुरू होण्याआधी सगळ्यांच्या देखत मोठ्याने सांगायचे: हा कच्चा लिंबू.