पत्ते मोजून ब्लॅकजॅकची साइड बेट जिंकता येते का?

अमेरिकन गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांचे ‘बीट द डीलर’ हे पुस्तक १९६२ मध्ये आले आणि पत्ते मोजून ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोवर मात करता येते, हे सिद्ध झाले. पण त्या एका सत्याभोवती अनेक गैरसमज वाढले आहेत.

गैरसमज : मोजणे म्हणजे गेलेला प्रत्येक पत्ता पाठ ठेवणे.

वस्तुस्थिती : डोक्यात एकच बेरीज ठेवायची असते. प्रचलित ‘हाय-लो’ पद्धतीत दुर्रीपासून छक्कीपर्यंत प्रत्येक पत्त्याला अधिक एक, सत्ती, अठ्ठी, नव्वीला शून्य आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का यांना उणे एक. बेरीज चढली, म्हणजे उरलेल्या पत्त्यांत मोठे पत्ते जास्त. पैज तेव्हाच वाढवायची. एवढे करूनही हाती येणारा फायदा शेकडा एकाच्या आसपास असतो.

गैरसमज : हीच बेरीज सगळ्या साइड बेटना लागू पडते.

वस्तुस्थिती : साइड बेट म्हणजे मूळ पैजेशिवाय वेगळी लावायची पैज. त्यांतली ‘परफेक्ट पेअर्स’ घ्या. इथे तुमचे पहिले दोन पत्ते जोडीचे निघावे लागतात. सहा कॅटच्या खेळात पहिली बदामाची राणी आली, तर उरलेल्या ३११ पत्त्यांत राण्या २३ आणि त्यांतल्या बदामाच्या फक्त ५. उरलेले पत्ते मोठे की लहान, एवढेच हाय-लो सांगते. जोडी लागेल का, हे सांगत नाही. हुबेहूब जोडीला २५ पट, एकाच रंगाच्या जोडीला १२ पट आणि मिश्र जोडीला ६ पट मिळत असेल, तर दर शंभर रुपयांमागे सरासरी सहा रुपये कॅसिनोकडे जातात.

गैरसमज : मोजणाऱ्याला कोणतीच साइड बेट साधत नाही.

वस्तुस्थिती : ‘इन्शुरन्स’ साधते, कारण तिथे प्रश्न एकच असतो : डीलरच्या उघड्या एक्क्याखालच्या झाकलेल्या पत्त्याची किंमत दहा (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) आहे का? जिंकल्यास दुप्पट मिळते, म्हणून उरलेल्या पत्त्यांत दहाचे पत्ते एक तृतीयांशाहून जास्त हवेत. नव्याने पिसलेल्या सहा कॅटमध्ये एक्का दिसल्यावर ते ३११ पैकी ९६, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून कमी. शंभरामागे तोटा सात रुपयांहून अधिक. मोजणी अनुकूल झाली की हेच गणित उलटते. ‘लकी लेडीज’ या साइड बेटमध्ये तुमच्या पहिल्या दोन पत्त्यांची बेरीज वीस लागते, म्हणून तिथेही दहाचे पत्ते मोजण्याचा उपयोग होतो. पण मुळातला तोटा मोठा असल्याने अनुकूल क्षण क्वचितच येतो.

गैरसमज : मोजणी आली की कोणत्याही टेबलावर कमाई होते.

वस्तुस्थिती : पत्ते सतत पिसणारे यंत्र असेल, तर खेळलेले पत्ते लगेच परत मिसळतात आणि मोजायला काही उरत नाही.

पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत जा किंवा लास व्हेगासला, हिशेब बदलत नाही. मोजणी येत नसेल, तर साइड बेटच्या चौकोनात चिप ठेवू नका. येत असेल, तरी अनुकूल बेरीज होईपर्यंत तो चौकोन रिकामाच ठेवा.