इंजिन बदला, पण कागद सांभाळून

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपल्या मिस्त्री बांधवांकडे जुनी गाडी येते. मालक म्हणतो, 'इंजिन बदला.' काम जरूर घ्यावे, पण मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ ध्यानात ठेवावे. इंजिन कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणारेच हवे. भंगारातून घेतल्यास इंजिन नंबरासह पक्की पावती घ्यावी. नाहीतर चोरीच्या मालाचा संशय तुमच्यावर. मालकाने १४ दिवसांच्या आत कल्याण आरटीओला कळवून आरसी बुकात नवा नंबर चढवून घ्यावा. मग पीयूसी. जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के; भारत स्टेज-२ व ३ च्या गाडीला ०.५ टक्के. त्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून विकलात, तर ती पास होणे कठीण. चार पैशांच्या लोभात गिऱ्हाईक गमावू नये, असे आम्हांस वाटते.