थंडी सांगणारा धूर

निफाड तालुक्यात थंडीचा आकडा ही साधी बातमी नसते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला, की तो आकडा सकाळीच द्राक्ष बागायतदारांच्या मोबाइलवर पोचतो. मण्यांत साखर भरायचे हे दिवस. रात्री फार गारठल्या की थॉमसनच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते, ‘पिंक बेरी’ म्हणतात तिला, आणि निर्यातीच्या मालाला ती चालत नाही. म्हणून घडांना कागद गुंडाळतात. जिथे एका रात्रीच्या गारठ्यावर वर्षाची कमाई अवलंबून असते, तिथे जुन्या जाणत्यांच्या खुणांकडे भाबड्या समजुती म्हणून पाहणं मला पटत नाही. मात्र आजच्या रात्रीबद्दल बोलणाऱ्या खुणा वेगळ्या आणि अख्ख्या हिवाळ्याचं भाकीत करणाऱ्या वेगळ्या. पहिल्यांवर विसंबावं, दुसऱ्या तपासून घ्याव्यात.

सगळ्यात भरवशाची खूण धुराची. तिन्हीसांजेला चुलीचा धूर सरळ वर न चढता पत्र्यांच्या जरा वर अडतो आणि गावावर आडवा पसरतो. ते पाहून म्हातारी माणसं म्हणतात, आज थंडी पडणार. त्यामागचं कारण पक्कं आहे. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला, की जमीन दिवसभराची उष्णता झपाट्याने सोडते. तिला टेकलेली हवा गार होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. गार हवा जड, ती वर जात नाही. धूरही त्या थरापाशीच थबकतो. म्हणजे धूर आडवा झाला तेव्हा थंडी साचायला सुरुवात झालेलीच असते. ढग असले तर ते जमिनीवर गोधडीसारखे असतात आणि रात्र ऊबदार जाते. चांदण्या लख्ख दिसल्या की गारठा वाढणार, हे म्हणणंही त्यामुळेच खरं.

हीच जड हवा उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगटात साचते. ओढ्याकाठच्या बागेला माळावरच्या बागेपेक्षा थंडी जास्त लागते ती यामुळे. महाबळेश्वरातही दव गोठल्याची बातमी येते ती बहुधा वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागातून. बाजारपेठ उंचावर असूनही तिथे तेवढा कडाका नसतो.

चंद्राच्या खळ्याची खूण जास्त गुंतागुंतीची आहे. खळं लांब तर पाऊस जवळ, खळं जवळ तर पाऊस लांब, असं सांगतात. यात बारीक निरीक्षण आहे. चंद्रापासून दूर दिसणारं मोठं वर्तुळ फार उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फकणांमुळे पडतं आणि त्याचा कोन सुमारे २२ अंशांचा असतो. चंद्राला चिकटलेलं छोटं तेजोवलय पाण्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे दिसतं. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात जातो, तेव्हा असे उंच ढग कधी कधी आपल्याकडेही पसरतात. त्या रात्री किमान तापमान वाढतं, ढगाळ हवेने भुरीची धास्ती लागते. पण झंझावात पुढे सरकला, आभाळ निवळलं आणि उत्तरेचा वारा सुटला, की दोन-तीन दिवसांत पारा कोसळू शकतो. खळं पडलं म्हणून फक्त पावसाची वाट पाहणाऱ्याने त्यामागून येणाऱ्या थंडीचीही तयारी ठेवावी.

आता अख्ख्या हिवाळ्याची भाकितं. याच तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये रामसर यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ. तिथे थापट्या, तलवार बदकं लवकर उतरली तर थंडी कडक, असं बोललं जातं. पण ही पाखरं उत्तरेतून निघतात ती लहान होत जाणाऱ्या दिवसांच्या आणि तिथल्या हवामानाच्या इशाऱ्यावर. निफाडचा जानेवारी कसा जाईल, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही.

‘यंदा पाऊस दणकून झाला, आता थंडीही तशीच’ ही समजूत तर घराघरांत आहे, आणि तिच्याविरुद्धचा पुरावा बागेतच आहे. थंडीच्या रात्री बागायतदार पहाटे बागेला पाणी देतो. ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते, खालची ऊब वर पोचवते आणि रात्री हळूहळू निवते. कोरडी जमीन पटकन गारठते. मग भरपूर पावसाने ओल टिकलेलं रान जास्त थंड कसं पडेल? हिवाळा कडक की सौम्य, हे मुख्यतः झंझावातांची ये-जा आणि त्यामागून येणारे उत्तरेचे वारे ठरवतात.

बागेत शेकोट्याही पेटवतात. तिथे उपयोग जाळाच्या उष्णतेचा आणि तिने हलणाऱ्या हवेचा. नुसता धूर केल्याने जमिनीची ऊब फारशी अडत नाही. पाण्याचा आधार त्याहून मोठा. म्हणून गावावर धूर आडवा पसरला की पुढचा प्रश्न विजेचा: शेतीपंपाची पाळी आज दिवसाची आहे की रात्रीची, आणि पहाटे मोटार चालेल का, हे संध्याकाळीच विचारून घ्यायला हवं.