होईल का, आणि केव्हा?

विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्र शिकताना उष्मागतिकी आणि रासायनिक गतिकी बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत भेटतात. गणिते सुटतात, गुणही मिळतात. पण ही दोन शास्त्रे दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, हे निसटून जाते. अभिक्रिया कोणत्या दिशेने आणि कुठवर जाईल, हे उष्मागतिकी सांगते. तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, हे सांगणे गतिकीचे काम.

हिरा घ्या. नेहमीच्या तापमानाला व दाबाला ग्राफाइट हे कार्बनचे अधिक स्थिर रूप. त्या हिशेबाने अंगठीतल्या हिऱ्याचे ग्राफाइट व्हायला हवे. तसे होत नाही, कारण अणूंची घट्ट मांडणी मोडण्यासाठी लागणारी सक्रियण ऊर्जा प्रचंड आहे.

हिऱ्याच्या बाबतीत हा अडथळा आपल्या पथ्यावर पडतो. अमोनियाच्या बाबतीत मात्र त्यावर माणसाची भाकरी अडली होती. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही बहुतेक पिकांना तो थेट घेता येत नाही. नायट्रोजन व हायड्रोजनपासून अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते आणि चार रेणूंचे दोन होतात. म्हणून उष्मागतिकीचा कौल कमी तापमान व जास्त दाबाला. पण कमी तापमानाला नायट्रोजनचा तिहेरी बंध तुटत नाही. तापवावे तर वेग वाढतो, पण समतोलातला अमोनिया घटतो.

फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये कार्ल्सरुहे येथे उच्च दाब आणि ऑस्मियम उत्प्रेरक वापरून वाट दाखवली. बीएएसएफ कंपनीत कार्ल बॉश यांनी तो दाब सोसणारी यंत्रे उभारली, तर आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्यांतून लोहाचा स्वस्त उत्प्रेरक शोधला. १९१३ मध्ये ओपाउ येथे कारखाना सुरू झाला.

उत्प्रेरक समतोल तसूभरही हलवत नाही. तो कमी अडथळ्याचा मार्ग देतो. तरीही ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान लागतेच. एका फेरीत थोडाच अमोनिया बनतो. तो गार करून वेगळा काढतात आणि उरलेला वायू पुन्हा फिरवतात. अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यातला युरियाही याच तडजोडीवर उभा आहे.

अधिक कमी तापमानाला चालणाऱ्या उत्प्रेरकाचा शोध आजही चालू आहे. तो मिळाला तर दाब कमी लागेल आणि ऊर्जा वाचेल. म्हणून समतोल स्थिरांक काढून झाल्यावर विद्यार्थ्याने वही मिटू नये. वेगाचा प्रश्नही तिथेच विचारावा.